सोमवार, सकाळी आठ

शुक्रवार, ७ ऑगस्ट १९८७

खोटं बोलला! सरळ डॉक्टरांच्या तोंडावर, पापणीही न हलवता. आणि मी शेजारी पर्स मांडीवर घेऊन ठोंब्यासारखी बसले.

डॉक्टर ऑल्डर तसे पोरगेलेच. पण माणूस बरा. नीट विचारत होते. पोटात दुखतं? — "नाही." उलट्या? — "छे." रक्त वगैरे? — "काही नाही." मग म्हणाले, "तर मग मिस्टर डॅगन, तुमच्या गावच्या नर्सबाईंनी इतक्या लांब अ‍ॅडलेडला कशाला पाठवलं तुम्हाला?" क्लेम म्हणतो, "तिला दुसरा उद्योग नाही."

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "मिसेस डॅगन, तुम्हाला काय वाटतं?"

मी काय म्हणावं? "तो सांगतोय तसंच." शाब्बास रीन!

काल बसमध्ये त्यानं रुमालात ओकलेलं मी बघितलंय. काळं, कॉफीच्या चोथ्यासारखं. रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. मी बघितलं हे त्यालाही माहीत आहे. पुढे दोनशे मैल आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काय होतं? माती.

आमच्या खाणींवर विचारायची पद्धत नाही. शेजारच्या खड्ड्यात जन्मभर खपणाऱ्यालासुद्धा काय सापडलं म्हणून कुणी विचारत नाही. नव्या माणसानं विचारलंच तर उत्तर ठरलेलं — काही नाही, नुसता बिनरंगी दगड! मग खिशात मुठीएवढं ओपलचं रत्न का असेना. रंग लागल्याची कुणकुण लागली तर रातोरात चोर उतरून भिंत साफ करतात, म्हणून. बायकोलाही उशिराच कळतं. एकतीस वर्षांत मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही, आणि आमचं बरं चाललं. पण डॉक्टर काय तुझा ओपल चोरणार आहे का, मेल्या? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!

डॉक्टर म्हणाले, घशातून दुर्बीण घालून पोट बघायचं असतं. सोमवारी सकाळी आठची एकच जागा होती, ती एका बाईंना दिलीय. तक्रार मोठी असती तर विचार केला असता. आता सप्टेंबरअखेर या. मधे काही झालं तर रविवारी दुपारपर्यंत वॉर्डात फोन करा. सिस्टर टीगनं नंबर लिहून दिला. कागद मी घेतला, क्लेमनं हात पुढे केलाच नाही.

"आलाच आहात तर उद्या शहर बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. आमची परतीची बस मंगळवारी.

बाहेर आल्यावर क्लेम म्हणाला, "झालं ना? उद्या मजा करू." ओठ पांढरे पडलेले.

शनिवार, ८ ऑगस्ट. सकाळ

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. भिंतभर खिडकी. आमच्याकडे उन्हापायी जमिनीखाली घरं कोरतात, जन्म तसल्या घरात गेला, आता उशाशी एवढं आभाळ घेऊन झोपायचं कसं?

खाली नाश्त्याला घरमालकीण मिसेस ग्रिबच्या टेबलावर आणखी एक बाई. आयव्ही क्लोझ. गव्हाच्या मुलखातली, सत्तरीची, नवरा वारलेला. टोस्टला लोणी लावता लावता तिनं आम्हाला आपलं पोट सांगितलं. घास कुठे अडकतो, किती वेळानं खाली जातो, परत आला तर कसा येतो, शौचाला कसं होतं — सगळं! तिची आमची ओळख होऊन चार मिनिटं झाली होती. मिसेस ग्रिब किटली घेऊन आत गेली ती आलीच नाही. क्लेम कप घेऊन अंगणात.

"नऊ आठवडे थांबलेय," म्हणाली. "पण आता मिळाली जागा. सोमवार, सकाळी आठ!"

माझा घास तोंडातच राहिला.

"तुम्ही शहर बघायला निघालात का? मी येऊ? एकटीनं काय बघायचं!"

येऊ नका असं कसं म्हणायचं? हो म्हटलं.

शनिवार, रात्रीच्या जेवणाआधी

क्लेम पडलाय. झोपला नाहीये, डोळे मिटून पडलाय. मी खुर्ची खिडकीकडे पाठ करून घेतलीय आणि लिहितेय. सगळं लिहून काढणार आहे, नाहीतर डोकं फुटेल.

आधी बाजारात गेलो. कोबीचे डोंगर. खारवलेल्या ऑलिव्हची पिंपं. इतकी हिरवी भाजी एका जागी मी बघितलेली नाही — आमच्याकडे ट्रक येतो तेव्हा अर्धी पिवळी होऊन येते. आयव्हीनं बेडकाच्या आकाराचे हिरव्या साखरेचे तीन केक घेतले. आमच्या हातात एकेक दिला. स्वतःचा नुसता चाटला. "आत जात नाही गं, पण चव लागते ना." क्लेमनं त्याचा केक कोटाच्या खिशात टाकला. सकाळपासून त्यानं दोन घोट चहा घेतला होता.

मग संग्रहालय. ओपलच्या दालनात क्लेम काचेला नाक लावून उभा राहिला. समुद्रातला कुठला तरी प्राचीन प्राणी, त्याची हाडं ओपलची झालेली. निळी, हिरवी, मधेच तांबडी ठिणगी. पहारेकऱ्यानं सहज विचारलं, "खाणीवरचे का तुम्ही?" क्लेम म्हणाला, "नाही हो. ट्रक चालवतो." आयव्ही खो खो हसली. म्हणाली, "अहो, नखांत तांबडी माती आहे तुमच्या!" क्लेमचं तोंड बघण्यासारखं झालं. मलाही हसू आलं. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

नदीवर होडीतून फेरी मारली. काळे हंस होते. झिमझिम पाऊस. होडीवाला पाट्या वाचल्यासारखं काहीबाही सांगत होता, आयव्ही त्याला आपल्या आतड्यांबद्दल सांगत होती. क्लेम कठडा धरून बसला होता. त्याच्या हाताच्या शिरा मी मोजत बसले. मला शहर बिहर काही दिसत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात — या बाईची जागा आहे. आठची. माझ्या समोर बसलीय, रेनकोट घालून.

दुपारी ट्रामनं समुद्रावर. मी समुद्र याआधी एकदाच बघितलाय, पोर्ट ऑगस्टाला, लीनच्या वेळी बाळंतपणाला गेले होते तेव्हा. तो खाडीचा. हा खरा. राखाडी, थंडगार, वाऱ्यानं कान तुटत होते. लांब लाकडी धक्का. क्लेम म्हणाला, तुम्ही व्हा पुढे. आम्ही वीसेक पावलं गेलो असू. आयव्ही वळली आणि थांबली.

तो खाली वाळूत, खांबाला धरून वाकला होता. मग सरळ झाला आणि बुटानं वाळू ओढायला लागला. आमच्याकडे खड्डा बुजवतात तशी, अगदी व्यवस्थित.

आयव्ही तरातरा खाली गेली. मी मागोमाग. "रक्त आहे ते," म्हणाली.

"बीट आहे, बाई. सँडविचमधलं."

"तुम्ही सँडविच खाल्लंच नाहीत. मी बघत होते. सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही. मला काय शिकवता? खाता येत नाही तो माणूस मी लांबून ओळखते."

क्लेम तिला शिवी देणार असं वाटलं. दिली नाही. सिगारेट काढली, वाऱ्यात पेटेना, तशीच तोंडात धरून धक्क्यावर निघून गेला.

बाकावर आम्ही दोघी. आयव्हीनं माझा हात हातात घेतला. तिचा हात म्हणजे नुसती हाडं. म्हणाली, "सांग त्यांना पोरी. तो नाही सांगणार, तू सांग. मी बघ, सगळ्यांना सगळं सांगते. लोक कंटाळतात. माझा मुलगा फोन कानापासून लांब धरतो, मला कळतं ते. गावचा डॉक्टर म्हणाला, आयव्ही, तुझं अर्धं दुखणं जिभेत आहे. म्हणून तर नऊ आठवडे लागले. तरी सांगतेच. न सांगून कुणाचं भलं झालंय?"

मी बाकावरची वाळू झटकत बसले.

"फोनला सुटे आहेत का?" तिनं पाकीट उघडलं. वीस सेंटची पाच नाणी माझ्या तळव्यावर ठेवली आणि मूठ मिटवली. "आत्ता कर."

मी केला नाही. तिच्यासमोर कसा करणार? नाणी घेतली मात्र. नको म्हणाले नाही. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण घेतली.

परतताना ट्राममध्ये ती पुढच्या बाकावर पेंगत होती. मी क्लेमला विचारलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा! "क्लेम, दुखतंय का?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तू कधीपासून विचारायला लागलीस?"

दोन थांबे गेले. मग म्हणाला, "ईस्टरपासून."

ईस्टर! एप्रिल, मे, जून, जुलै. माझ्या शेजारी झोपून! मला त्याला बडवावंसं वाटलं आणि घट्ट धरावंसं वाटलं, आणि ट्राममध्ये लोक होते म्हणून दोन्ही केलं नाही.

"कुणाला सांगू नको," म्हणाला. "या बाईला तर मुळीच नको. उद्या अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलियाला कळेल."

स्टेशनसमोर गाडीवर त्यानं हट्टानं मीट-पाय घेतला, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, वाटाण्याच्या घट्ट सुपात बुडवलेली, वर तांबडा सॉस. अ‍ॅडलेडला येऊन हा न खाता कसं जायचं, म्हणाला. चमचा धरून उभा राहिला. सूप थंड होऊन त्यावर साय धरली. मग म्हणाला, "चल."

रविवार, ९ ऑगस्ट

केला फोन. अकरा वाजता, कोपऱ्यावरच्या बूथमधून. आयव्हीच्याच नाण्यांनी.

सिस्टर टीगनं विचारलं, किती रक्त? खरं काय होतं? बसमध्ये रुमालभर आणि काल वाळूत ओंजळभर. मी म्हणाले, "अर्धं तसराळं." किती वेळा? म्हणाले, "चारदा."

हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. नाही, माहीत आहे. दलाल दगड घ्यायला येतो तेव्हा दगड ओला करून हातात द्यायचा, कोरडा कधीच द्यायचा नाही, हे मला बापानं सात वर्षांची असताना शिकवलं. ओला दगड चमकतो. आम्ही आपसात तोंड उघडत नाही, पण विकायला बसलो की आमच्यासारखे आम्हीच.

"मग शुक्रवारी का नाही बोललात?" सिस्टर जवळजवळ ओरडलीच.

"आमच्याकडे बोलत नाहीत."

"बघते. पाचपर्यंत कळवते."

ती जागा कुणाची आहे, मला माहीत होतं. तिचा घास उतरत नाही हे माहीत होतं. तिचा तो नुसत्या हाडांचा हात माझ्या हाताला लागला होता. तरी दगड ओला केला. आपलंच घोडं पुढे दामटलं. पुन्हा वेळ आली तर? पुन्हा हेच करीन. देवानं मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी, क्लेमला देऊ नये.

दुपारी

साडेतीनला जिन्याखालचा फोन वाजला. मिसेस ग्रिबनं हाक मारली, "आयव्ही, हॉस्पिटल!" मी वरच्या पायरीवर. आयव्ही बराच वेळ नुसती ऐकत होती. आयव्ही! नुसती ऐकत! शेवटी "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

वर येऊन माझ्या पायरीशी थांबली. "ढकललं गं मला," म्हणाली. "तीन आठवडे. एकतीस तारखेला. कुणीतरी जास्त आजारी आहे म्हणे. असेल बिचारं कुणी."

मी म्हणाले, "वाईट झालं." एवढंच. तिच्या तोंडाकडे बघून!

"जाऊ दे. नऊ झाले, आणखी तीन. उद्या पहाटेच्या बसनं घरी जाते. कोंबड्या शेजारणीवर टाकून आलेय, ती अंडी ढापते."

पाचला आम्हाला फोन. उद्या सकाळी आठ.

क्लेमला सांगितलं. त्यानं विचारलं, "तू सांगितलंस?" हो म्हणाले. तो उठला, बूट काढून पुसायला बसला. दोन्ही बूट, फडकं ओलं करून, शिलाईतली माती काडीनं काढून. अर्धा तास. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भीती वाटतेय, रीन."

मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. दोघंही रडलो. मिसेस ग्रिब खाली बटाटे तळत होती, तिला ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

सोमवार, १० ऑगस्ट

कॅन्सर नाही!

नाही! नाही! जखम आहे, अल्सर. कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं खाल्लेल्या पुड्या आणि वर व्हिस्की. गोळ्या दिल्यात. पुड्या बंद, व्हिस्की बंद, तीन महिने दूधभातासारखं मऊ खायचं. "ऐंशी वर्षं जगतील," डॉक्टर ऑल्डर म्हणाले. गुंगीतल्या क्लेमनं डोळे किलकिले करून विचारलं, "कसं काय निघालं?" आणि मी म्हटलं, "बिनरंगी दगड!" आणि वॉर्डभर हसले वेड्यासारखी.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "अर्धं तसराळं म्हणालात तुम्ही. चारदा." कागद बघत होते. "आत जे दिसलं त्यावरून इतकं गेलं असेल असं वाटत नाही. सप्टेंबरपर्यंत गोळ्यांवर निभलंही असतं." रागावले नव्हते. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

मी जमिनीकडे बघितलं. फरशी हिरवी होती.

मुक्कामी आलो तर आयव्हीची खोली मोकळी. गादी गुंडाळून ठेवलेली, खिडकी उघडी. मिसेस ग्रिब म्हणाली, पाचलाच गेली, तुम्हाला उठवू नका म्हणाली. माझ्याशी बोलताना मिसेस ग्रिब हात पुसत होती, हात कोरडे होते तरी.

मंगळवार, ११ ऑगस्ट

बस. क्लेम सगळा वेळ झोपला, तोंड उघडं टाकून. मी नाही.

गुरुवार, २० ऑगस्ट

क्लेम खातोय. अंडं, लापशी, मऊ बटाटा. काल शीळ घालत होता. शेजारच्या योसिपनं दारातूनच हात केला, अ‍ॅडलेड कसं होतं इतकंही विचारलं नाही. क्लेमनं आपणहून सांगितलं! "पोटात भोक पडलं होतं. रक्त ओकत होतो. ईस्टरपासून." योसिप हातातली बादली खाली ठेवून ऐकतच राहिला. आत येऊन क्लेम मला म्हणतो, "त्या बाईची हवा लागली बघ."

सुखाचे दिवस आहेत. मला ते गिळवत नाहीत.

आयव्हीला पत्र लिहायला तीनदा बसले. काय लिहू? प्रिय आयव्ही, ते बिचारं कुणीतरी म्हणजे आम्ही. पत्ता माझ्याकडे नाही ही एक सबब आहे. मिसेस ग्रिबला विचारला की मिळेल. शेवटी तिला दोन ओळी टाकल्या — क्लेम बरा आहे, आयव्हीचा पत्ता कळवा.

सोमवार, ३१ ऑगस्ट

आज आयव्हीची दुर्बीण. आठ वाजेपर्यंत चहाही घेतला नाही. तिचंही क्लेमसारखंच निघू दे.

बुधवार, २ सप्टेंबर

मिसेस ग्रिबचं पत्र आलं. उतरवून ठेवते.

"...त्या रविवारी हॉस्पिटलनं आयव्हीला नुसतं कळवलं नव्हतं, विचारलं होतं. जागा तिची, ती नाही म्हणाली असती तर तिचीच राहिली असती. सिस्टरनं कुणासाठी ते सांगितलं नाही. आयव्हीनंही विचारलं नाही. फोन ठेवून मला म्हणाली, बरं झालं, पोरीनं एकदाचं तोंड उघडलं. रीनला कळू देऊ नका, कळलं तर पोरगी जागा घ्यायची नाही, असं म्हणून माझ्याकडून वचन घेतलं. पण आयव्हीला पुरून आता आठ दिवस झाले, आणि तुम्ही तिचा पत्ता मागितलात, म्हणून लिहिते."